अश्वांचा उदरशूल : परीक्षा, पहिला तास आणि पथ्यविचार

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या आपल्या बहुतेक बांधवांना असा अनुभव येतो की, माणसांसाठी उघडलेल्या दवाखान्याच्या दाराशी अधूनमधून जनावरांचे मालकही येऊन उभे राहतात. गाय, बैल, शेळी यांच्याविषयीची विचारणा नित्याची असते. घोड्याविषयीची विचारणा क्वचित होते. परंतु होते तेव्हा ती बहुधा अवेळी होते आणि बहुधा पोटशूळाविषयीच असते. घोडा लीद टाकत नाही, सारखा खाली बसतो, उठतो, लोळतो, काहीतरी चूर्ण द्या, असे मालक घाईघाईने सांगतो. औषधी विक्रेत्याकडे तर तो कोणालाही न विचारता जातो आणि हिंग, ओवा, पादेलोण, सुंठ, एरंडेल अशी यादीच पुढे करतो. विक्रेता पुड्या बांधून देतो. पुढे त्या घोड्याचे काय झाले, हे बहुतेक वेळा कोणालाच कळत नाही.

सदर लेखाचा विषय हाच प्रसंग आहे. अश्वशूलात पहिला तास हा औषधाचा नसून परीक्षेचा आहे, आणि त्या तासात तोंडावाटे काहीही पाजू नये, हे आमचे मुख्य प्रतिपादन आहे. यामागची कारणे शरीररचनेत आहेत, म्हणून ती थोडी विस्ताराने मांडतो. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. येथे आम्ही जे लिहीत आहोत ते घोड्यावर उपचार करण्यासाठी नाही. पशुवैद्यक येईपर्यंत मालकाला योग्य दिशा देता यावी आणि चुकीचे औषध आपल्या हातून जाऊ नये, यासाठी आहे.

शास्त्रातील दृष्टी

अश्ववैद्यक आपल्याला परके नाही. शालिहोत्राची परंपरा, नकुलाच्या नावावर असलेला अश्वचिकित्सेचा ग्रंथ, जयदत्ताचे अश्ववैद्यक ही नावे आपण अभिमानाने घेतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील फलमात्रासिद्धि या अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा इत्यादी प्राण्यांच्या बस्तीचाही विचार केलेला आहे. परंतु या वारशाचा आदर करणे वेगळे आणि जुन्या पोथीतील योग आज रात्री दोन वाजता लोळणाऱ्या घोड्याच्या घशात ओतणे वेगळे.

या प्रसंगी आपल्या शास्त्रातून घेण्यासारखी सर्वांत मोलाची वस्तू योग नसून विवेक आहे, असे आम्हास वाटते. माधवनिदानात शूलाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी बरेचसे औषधसाध्य आहेत. पण उदररोगाच्या प्रकरणात बद्धगुद आणि परिस्रावी अशी दोन रूपे वेगळी काढलेली आहेत. पहिल्यात आतड्याचा मार्ग अडतो, दुसऱ्यात आतडे छिद्रित होते. सुश्रुताने या दोहोंची चिकित्सा शस्त्रकर्मात सांगितली. मार्ग बंद असताना वरून स्नेह, क्षार वा विरेचन देत राहणे त्यास मान्य नव्हते, एवढे तरी यावरून उघड होते. घोड्याच्या पोटशूळातही साधा वातज शूल, मलसंचयाने झालेला आनाह आणि खराखुरा बद्धगुद ही सर्व रूपे आढळतात, आणि पहिल्या तासात ती बाहेरून जवळजवळ एकसारखी दिसतात. ही तुलना केवळ समजुतीसाठी आहे. माणसाच्या व्याधींची नावे घोड्यास जशीच्या तशी लावण्याचा आमचा आग्रह नाही.

शारीर विचार

घोडा हा शाकाहारी असला तरी गाईसारखा रवंथ करणारा प्राणी नाही. त्याचे जठर एकच आणि देहाच्या मानाने फारच लहान असते. मोठ्या घोड्यातही त्याची धारणशक्ती साधारण ८ ते १५ लिटर एवढीच. अन्ननलिका जठरास जेथे मिळते तेथील स्नायूंचे वेढे इतके घट्ट आणि तो प्रवेश इतका तिरका असतो की, घोड्यास वांती होत नाही. माणसाचे किंवा कुत्र्याचे पोट बिघडले तर शरीर दोष वर फेकून मोकळे होते. घोड्यास ही वाट निसर्गाने ठेवलेली नाही. पुढे आतडे अडले की लहान आतड्यातील द्रव मागे फिरून जठरात साठतो, जठर ताणत जाते आणि शेवटी फुटते. अशा भरलेल्या जठरात बाटलीभर काढा ओतणे म्हणजे काय, हे वैद्यास निराळे सांगावयास नको.

लहान आतडे सुमारे २० मीटर लांब असते. त्यानंतर साधारण १ मीटर लांबीचे व ३० लिटरच्या आसपास धारणशक्तीचे उंडुक लागते आणि मग ३ ते ४ मीटरचे विशाल मोठे आतडे. गाईत जे आंबवण मागच्या पचनाआधी, पुढच्या कोठ्यांत होते, ते घोड्यात पचनमार्गाच्या मागील भागात, म्हणजे या उंडुकात व मोठ्या आतड्यात होते. तेथे तयार झालेला वायू तोंडाकडे येऊ शकत नाही. गुदमार्गानेच तो बाहेर पडावयाचा. हे मोठे आतडे पोटात दुहेरी घडी घालून ठेवलेले असते आणि मुळाशी सोडल्यास ते पोटाच्या भिंतीस बांधलेले नसते. वायूने फुगले की ते तरंगते, सरकते, कधी प्लीहा व वृक्क यांच्या मधल्या बंधावर जाऊन अडकते, कधी स्वतःभोवतीच पिळले जाते. शिवाय श्रोणीजवळ जेथे हे आतडे वळते तेथे त्याची रुंदी एकाएकी कमी होते. कोरडा, जाडाभरडा मल तुंबण्याची ठरलेली जागा ती हीच.

गाईच्या पोटफुगीचे औषध घोड्यास का चालत नाही, याचे उत्तर या दोन परिच्छेदांत आले. तरीही गुरांसाठी बनवलेले पाचक चूर्ण आणि पोटफुगीवरील तेले घोड्यास पाजली जातात, याचे आम्हास दर वेळी नवल वाटते.

हेतु

हेतूंची गणना लांबते. आपल्या भागात वारंवार दिसणारे तेवढेच घेऊ. पहिला हेतु अर्थातच आहार. उन्हाळ्यात हिरवा चारा संपतो आणि घोडा केवळ कडब्यावर व भुसकटावर येतो; पाणी मात्र पूर्वीइतकेच, किंवा टंचाईमुळे त्याहून कमी मिळते. अशा वेळी मलसंचयाचा शूल होतो. याच्या उलट पहिल्या पावसानंतर कोवळ्या गवतावर किंवा लसूणघासावर घोडा एकदम सोडला तर वायूचा शूल होतो. धान्याचे पोते उघडे राहिले आणि घोड्याने रात्रभर हरभरा किंवा गहू खाल्ला, तर शूल तर होतोच, शिवाय एक-दोन दिवसांत खुरांचा दारुण दाह होऊन घोडा कायमचा लंगडा होण्याची भीती असते. म्हणून धान्य जास्त खाल्ल्याचे कळताच, शूल दिसत नसला तरी, पशुवैद्यकास त्याच वेळी बोलवावे.

वरातीच्या घोड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. चातुर्मासात हे घोडे महिनोन्‌महिने दावणीला उभे असतात, आणि कार्तिकानंतर मुहूर्त सुरू झाले की एकाएकी रोज दोन-दोन वराती. श्रम वाढले म्हणून चंदीही एकदम वाढवली जाते. वरातीत तासन्‌तास ढोल-ताशांच्या गजरात पाण्याविना उभे राहणे आणि वऱ्हाडी मंडळींनी कौतुकाने भरवलेले पेढे, गूळ, पाव हे सर्व त्याच संध्याकाळी त्याच्या पोटात जाते. कामाचे घोडे एकदम बांधून ठेवणेही तितकेच वाईट. दुखापतीमुळे विश्रांतीस ठेवलेल्या घोड्यात मलसंचय ही नेहमीची तक्रार आहे.

नदीकाठी व वाळूमिश्रित जमिनीवर वैरण टाकून खाऊ घालण्याने वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्याच्या तळाशी साठते. दात झिजून त्यांना धारदार कडा आल्या की चारा नीट चावला जात नाही. वृद्ध घोड्यात हा हेतु नेहमी तपासावा. गव्हाणीचे लाकूड दातांत धरून हवा गिळण्याची सवय असलेल्या घोड्यांत आतडे अडकण्याचा एक विशिष्ट प्रकार अधिक आढळतो. शहरातील घोड्यांच्या पोटात प्लास्टिकच्या पिशव्या जातात, हे आता कोणास नवे राहिले नाही.

कृमी हा स्वतंत्र विषय आहे. रक्तपिपासू गोलकृमींच्या एका जातीच्या अळ्या आतड्यास रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत वाढतात आणि तेथे रक्ताची गुठळी करून आतड्याचा रक्तपुरवठा तोडतात. शिंगरांत मोठे गोलकृमी गोळा होऊन मार्गच बंद करतात. अशा शिंगरास तीव्र कृमिघ्न एकदम दिल्यास मेलेल्या कृमींचा गोळा अडकून शूल उद्भवतो, म्हणून सुटलेले पोट आणि रुक्ष केस असलेल्या शिंगरास कोणतेही कृमिघ्न, मग ते आपले असो वा इतरांचे, पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना देऊ नये.

लक्षणे व परीक्षा

सौम्य अवस्थेत घोडा चंदी सोडतो, मान वळवून कुशीकडे पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वरचा ओठ उलटा दुमडतो, लघवीस बसल्यासारखा ताणून उभा राहतो पण लघवी करत नाही. मालक अशा वेळी मूत्रावरोध झाला असे सांगत येतो. बहुतेक वेळा दुखणे पोटाचेच असते. पुढे तो मागच्या पायाने पोटावर लाथ मारतो, वारंवार बसतो-उठतो, कुत्र्यासारखा बसतो, घामाने भिजतो, स्वतःस जमिनीवर झोकून देतो.

वेदनेच्या आविर्भावावरून गांभीर्य ठरवू नये. नाजूक प्रकृतीचे घोडे थोड्या वायूनेही थैमान घालतात, आणि सोशिक तट्टू आतडे पिळलेले असतानाही मान खाली घालून उभे राहते. म्हणून वैद्याने नाडीकडे वळावे. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेवर, आतल्या अंगास, बोटांखाली दोरीसारखी धमनी सरकते. तेथे नाडी मिळते. निरोगी मोठ्या घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटास २८ ते ४४ असते. श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. शिंगरांची नाडी याहून पुष्कळ जलद असते, त्यांना हे मान लावू नये. वेदनेची लाट ओसरल्यावरही नाडी ६० च्या वर राहत असेल तर प्रकरण गंभीर समजावे. ८० च्या वर गेली तर अत्यंत चिंताजनक. आपल्यातील ज्यांचा नाडीपरीक्षेचा हात चांगला आहे त्यांनी येथे दोषांची गती शोधण्यापेक्षा घड्याळ लावून ठोके मोजावेत, अशी आमची विनंती आहे.

नंतर हिरड्या पाहाव्यात. त्या फिकट गुलाबी व ओलसर असतात. बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो. विटेसारखा लाल, जांभळा किंवा करडा रंग आणि परत येण्यास लागणारा विलंब ही विषारता व रक्ताभिसरण खचल्याची चिन्हे होत. मात्र तोंडात हात घालण्यापूर्वी एक सावधगिरी. पिसाळलेल्या घोड्यातही आरंभी पोटशूळासारखी लक्षणे दिसू शकतात. चावरेपणा, गिळता न येणे, लाळ गळणे, चाल बिघडणे यांपैकी काही असेल, किंवा गेल्या काही महिन्यांत कुत्रे चावल्याचा संशय असेल, तर तोंडास हात लावू नये.

कुशीस कान लावून पोटातील आवाज ऐकावेत. दोन्ही बाजूंस, वर आणि खाली, प्रत्येक ठिकाणी किमान एक मिनिट. उजव्या कुशीच्या वरच्या भागात उंडुकाचा, पाणी घळाघळा वाहिल्यासारखा आवाज थोड्या थोड्या वेळाने येतो. साध्या वातज शूलात आवाज वाढलेले असतात, पोट बाहेरूनही गुरगुरताना ऐकू येते. चारही ठिकाणी शांतता असेल तर ते वाईट चिन्ह.

दोन भ्रम येथेच दूर केले पाहिजेत. लीद टाकली म्हणजे मार्ग मोकळा आहे असे नव्हे. अडथळ्याच्या पुढे जी लीद आधीच तयार होती ती पडतेच. दुसरा भ्रम याहून घातक आहे. तासन्‌तास तळमळणारा घोडा एकाएकी शांत उभा राहतो, मालक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि कोणाच्या तरी औषधास यश देऊन मोकळा होतो. अशा वेळी अंग थंड घामाने भिजलेले, नाडी धावती व बारीक, हिरड्या काळवंडलेल्या असतील तर जठर किंवा आतडे फुटले आहे. तो परिस्रावी आहे, उपशय नव्हे.

गाभण घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो; शेवटच्या महिन्यात शूलासारखे वागणे प्रसूतीचे असू शकते. व्यालेल्या घोडीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोठे आतडे पिळण्याचा धोका अधिक असतो, तिच्याबाबत मुळीच वाट पाहू नये.

पहिला तास

पशुवैद्यकास निरोप ही पहिली क्रिया. बाकीचे सर्व त्यानंतर. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो दवाखान्यात व दुकानात दिसेल असा लिहून ठेवावा. निरोप देताना नाडी किती, हिरड्यांचा रंग कसा, शेवटची लीद केव्हा, वेदना केव्हापासून, आहारात काय बदल, एवढे सांगता आले तर पशुवैद्यकास निघण्यापूर्वीच बरेच काही कळते.

चंदी-वैरण पुढून काढून घ्यावी. गव्हाणीतील पेंढाही काढावा. घोडा स्वतः शांतपणे थोडे पाणी पीत असेल तर पिऊ द्यावे, पाजू मात्र नये. टणक, कोपऱ्यांच्या जागेतून त्यास मोकळ्या मऊ जागी आणावे. थोडे चालवल्याने सौम्य शूलात वायू सरतो, म्हणून पाच-दहा मिनिटे हळू फिरवावे. रात्रभर फिरवून, काठीने हाकून त्याची उरलीसुरली शक्ती घालवू नये. लोळल्यामुळे आतडे पिळले जाते अशी समजूत सार्वत्रिक आहे. बहुतेक वेळा आतडे पिळल्यामुळे घोडा लोळतो, असे आजचे मत आहे. स्वस्थ पडून राहिलेल्या घोड्यास उगाच उठवू नये. जोराने झोकून देणाऱ्या घोड्याजवळ माणसाने जाऊच नये, कारण अशा वेळी ओळखीचा मोतद्दारही त्याच्या पायाखाली सापडतो.

आता पाजण्याविषयी. मान वर बांधून, बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने पाजण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यात औषध श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसाचा घातक दाह होतो. तेल गेले तर घोडा वाचणे कठीण. पशुवैद्यक नाकपुडीतून नळी घालून ती थेट जठरात नेतो, आणि औषध देण्याआधी जठरात काय साठले आहे ते काढून पाहतो. दोन लिटरहून अधिक द्रव परत आला तर पुढे मार्ग अडलेला आहे असा संशय येतो, आणि जठरावरील ताण कमी होऊन अनेकदा त्या एका क्रियेनेच प्राण वाचतात. द्रव परत येत नसेल आणि मलसंचय असेल, तर त्याच नळीने पाणी, क्षार, खनिज तेल दिले जाते. वरून पाजणारा आणि नळीने देणारा यांच्यात हा फरक आहे.

बस्तीचा विचार वैद्याच्या मनात येणे साहजिक आहे. पण घोड्यात मल तुंबतो तो भाग गुदापासून इतका दूर आहे की बाहेरून दिलेला बस्ती तेथवर पोहोचत नाही, आणि घोड्याचे गुदभित्तिक इतके नाजूक की हातास किंवा नळीस जरा जोर लागला तर ते फाटते. ही इजा बहुधा मारकच ठरते. नवजात शिंगराचा पहिला मल अडला असता मात्र बस्तीचा उपयोग पशुवैद्यकही करतात.

वेदनाशामक सुई हा तिसरा मोह. फ्लुनिक्सिनसारखे औषध पशुवैद्यकाच्या हाती उत्तमच; परंतु ते तपासणीपूर्वी दिले गेल्यास कित्येक तास वेदना झाकली जाते आणि शस्त्रकर्माची वेळ निघून जाते. रक्तपुरवठा तुटलेले आतडे काही तासांतच मरते. गावातील सुई देणाऱ्या मंडळींकडून डायक्लोफेनॅक टोचले जाण्याचा प्रकार ऐकिवात येतो. गिधाडांच्या नाशामुळे जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, हे औषधी विक्रेत्यांनी तरी विसरू नये.

सुदैवाने बहुसंख्य शूल नळी, वेदनाशमन आणि जलपूर्ती एवढ्यावर बरे होतात. शस्त्रकर्मापर्यंत जाणारे थोडेच. पण त्या थोड्यांसाठी पुणे-मुंबईसारख्या ठिकाणी वेळेत पोहोचणे, आणि खर्च झेपणे, हे टांगेवाल्याच्या किंवा वरातीच्या घोडीवर घर चालवणाऱ्याच्या आवाक्यात बहुधा नसते. म्हणूनच निदान लवकर होणे आणि अनर्थ आधीच टाळणे, याला त्याच्या दृष्टीने अधिक किंमत आहे.

औषधी विक्रेत्यांसाठी

घोड्याच्या पोटासाठी औषध मागणाऱ्यास पुडी बांधण्याआधी विचारावे : किती वेळ झाला, उभा आहे की लोळतो, पशुवैद्यकास कळवले का, आतापर्यंत काय पाजले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चिठ्ठीवर लिहून मालकाच्याच हाती द्यावे. पशुवैद्यकास ते फार उपयोगी पडते.

एरंडेलाविषयी स्पष्ट लिहितो. माणसात सौम्य मानले गेलेले हे विरेचन घोड्याच्या मोठ्या आतड्याचा तीव्र दाह करते; प्रयोगासाठी तट्टांमध्ये आतड्याचा दाह उत्पन्न करावयाचा असता संशोधकांनी एरंडेलच वापरले आहे. एरंडाचे बी आणि खत म्हणून विकली जाणारी एरंडीची पेंड तर घोड्यास अत्यंत विषारी. ती चंदीच्या पोत्यांजवळ ठेवू नये. जमालगोटा व कुचला असलेले कोणतेही मिश्रण अश्वशूलासाठी देऊ नये. काळा बोळ हे एके काळी पलटणींतील घोड्यांचे प्रसिद्ध विरेचन होते. ते मागे पडले ते उगाच नव्हे. हिंग, ओवा, सुंठ ही द्रव्ये स्वतः विषारी नाहीत, पण शूल चालू असताना तीही तोंडावाटे जाऊ नयेत, कारण दोष द्रव्याचा नसून वाटेचा आहे.

ज्यांच्या दुकानात पशुखाद्यही असते त्यांच्यासाठी आणखी एक सूचना. कोंबड्यांच्या व काही गुरांच्या खाद्यात घातले जाणारे मोनेन्सिन घोड्याच्या हृदयास मारक आहे. ते खाद्य घोड्यासाठी स्वस्तात मागणारा ग्राहक आला तर त्यास परत पाठवावे.

इसबगोलास मात्र येथे मानाचे स्थान आहे. पोटात वाळू साठलेल्या घोड्यास पशुवैद्यक ते देतात. इसबगोल व मॅग्नेशियम सल्फेट नळीने एकत्र दिल्यास दोहोंपैकी एकटे दिल्यापेक्षा वाळू अधिक निघते, असे अभ्यासात दिसले आहे. तरीही तीव्र शूलात, मार्ग मोकळा असल्याची खात्री होण्यापूर्वी, ते देऊ नये. फुगणारे द्रव्य अडलेल्या वाटेत भर घालते. वाळू आहे की नाही हे मालकास घरीच पाहता येते : जमिनीला न लागलेली लीदीची पाच-सहा बोंडे पारदर्शक बरणीत भरपूर पाण्यात कालवून ठेवावीत, थोड्या वेळाने तळाशी वाळू बसते. बसली नाही म्हणजे पोटात नाहीच, असे मात्र समजू नये.

पथ्य

घोड्याचे आतडे सतत थोडे थोडे खाण्यासाठी बनलेले आहे. दिवसातून दोनदा तोबरा भरून चढवणे ही माणसाची सोय झाली. ३०० किलो वजनाच्या घोड्यास दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेचार ते सहा किलो कोरडी वैरण लागते. ती अनेक वेळा विभागून द्यावी. चंदी कामाच्या मानाने द्यावी आणि एका वेळी एक-दीड किलोच्या वर देऊ नये. बारीक कुट्टी किंवा भुसकट एकट्याने न देता त्यात लांब गवत असावे. बुरशी आलेला कडबा, पावसात भिजून वाफ धरलेले गवत स्वस्त मिळाले तरी घोड्यास वर्ज्य. चाऱ्यातील किंवा चंदीतील कोणताही बदल सात ते चौदा दिवसांत, जुन्यात नवे मिसळत करावा. सात्म्य हळूहळू सोडून हळूहळू नवे जोडण्याचा आपल्या संहितांतील क्रम येथे तंतोतंत लागू पडतो.

पाणी सर्वकाळ स्वच्छ आणि पुढ्यात असावे. मोठा घोडा साध्या दिवसांत २५ ते ४० लिटर पितो, उन्हात व श्रमात याहून बरेच अधिक. मिठाचा खडा चाटावयास ठेवावा. हिवाळ्यात घोडे गार पाणी कमी पितात आणि मलसंचय वाढतो. कोमट पाणी ठेवल्यास पिणे वाढते. रोज थोडी तरी मोकळी हालचाल हवी, काम नसलेल्या दिवशीही. वैरण वाळूवर न टाकता गव्हाणीत किंवा पोत्यावर टाकावी. वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यावेत. जंताचे औषध दर दोन महिन्यांनी डोळे मिटून देण्याची जुनी रीत आता सोडावी. लीद तपासून, अंडी मोजून, ज्यास गरज आहे त्यास द्यावे, नाहीतर कृमी औषधास दाद देईनासे होतात.

यात्रेच्या दिवसांविषयी थोडे लिहून थांबतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीस आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत दूरदूरचे घोडे मालमोटारींतून येतात. दिवस थंडीचे, प्रवास लांबचा, वाटेत पाणी नाही, उतरल्यावर पाणी परके आणि चारा परका, आणि गिऱ्हाइकासमोर घोडा तजेलदार दिसावा म्हणून दुप्पट चंदी. शूलाचे सर्व हेतु येथे एका वाहनातून उतरतात. त्या मार्गावरील आपल्या बांधवांकडे मालक सल्ल्यास आले तर त्यांनी सांगावे की, घरची वैरण आठवडाभर पुरेल इतकी बरोबर घ्यावी. निघण्याच्या दिवशी व पोहोचल्याच्या दिवशी चंदी निम्मी करावी. दर चार तासांनी थांबून पाणी दाखवावे. परक्या पाण्यास तोंड लावत नसेल तर त्यात थोडा गूळ विरघळवावा, आणि ती चव घरी असतानाच दोन-तीन दिवस आधी लावावी. उतरल्यावर आधी पाणी, मग गवत, चंदी सर्वांत शेवटी. नदीकाठच्या वाळूत मुक्काम असेल तर वैरणीखाली ताडपत्री अंथरावी, आणि पहिली लीद केव्हा पडली याची वेळ मोतद्दाराने लक्षात ठेवावी.